नापास होण्यासाठी कसरत

२६ मार्च १९६३, गुढीपाडवा

आज जबलपूरच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये माझं भाषण दणक्यात झालं. दरवर्षी पाडव्याला श्रीखंडाच्या आधी कोणीतरी बोलायचं असतं. यंदा चीनची लढाई होऊन चारच महिने झालेले, म्हणून मी विषय घेतला 'बर्फ आणि आपण'. बर्फ मी आयुष्यात फक्त उसाच्या रसात पाहिला आहे, पण त्यावाचून काही अडलं नाही. शेवटी टेबलावर मूठ आपटून म्हणालो, "जबलपूरच्या प्रत्येक मराठी घरातून एक तरी माणूस त्या बर्फावर उभा राहिला पाहिजे!" टाळ्या थांबेचनात. आमचे अध्यक्ष भय्यासाहेब तर डोळे पुसून राहिले होते.

माझी बायको सुहासिनी बायकांच्या रांगेत बसून जवानांसाठी स्वेटर विणत होती. तिने मान वर केली नाही. घरी येताना एवढंच म्हणाली, "आपल्या घरातून कोण?"

म्हटलं, "अगं, भाषण असतं ते."

३० मार्च

सत्यानाश.

कारखान्यात नोटीस लागली. आपण लष्करासाठी बनवलेल्या मालगाड्या, ट्रक, लडाखच्या उंचीवर काळा धूर ओकतात, चढावर दम टाकतात. त्या जागेवर जाऊन दुरुस्त करायला माणसं पाहिजेत. तीन महिने. जबरदस्ती नाही, ज्याची इच्छा असेल त्याने नाव द्यावं. मी इंजिन सेक्शनचा चार्जमन, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. नोटीस वाचून गुपचूप मागे सरकत होतो, तर नीलकंठ मागे भिंतीसारखा उभा.

हा नीलकंठ म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. राहतो चेरीताल मोहल्ल्यात, मशीन शॉपमध्ये आहे, रोज पहाटे आखाड्यात जातो आणि बाकीच्यांना माणसात धरत नाही. सगळ्यांसमोर ओरडला, "अरे, चिंतामणीचं नाव पहिलं लिहा बाप्पा! पाडव्याला बोलला ना हा! आणि दुसरं माझं लिहा." सुपरिंटेंडेंट साहेबांनी माझा हात हातात घेतला. "चिंतामणीजी, हमें आपसे यही उम्मीद थी."

मी हसलो. दुसरं काय करणार?

१ एप्रिल

दोन दिवस जेवण गेलं नाही. वहीत खोटं कशाला लिहू? मला भीती वाटते. तिथे हवा विरळ असते, माणूस चालता चालता छाती धरून बसतो म्हणे. मी चव्वेचाळीसचा, पोट सुटलेलं, लेक बेबी अजून शाळेत. जिना चढलो तरी वर गेल्यावर काय काम होतं ते विसरतो. पण नाही म्हटलं तर? नीलकंठ मरेपर्यंत सांगेल. मंडळात श्रीखंडाची वाटी माझ्यापुढे ठेवताना लोक खाकरतील.

जायचं तर मरायचं आणि राहायचं तर तोंड लपवायचं. इकडे आड, तिकडे विहीर.

३ एप्रिल

सापडला! मार्ग सापडला!

जाण्याआधी कारखान्याच्या डॉक्टरांची तपासणी आहे. जूनच्या सुरुवातीला. स्टुलावर चढ-उतार करायला लावतात, छाती ऐकतात, नाडी बघतात. त्यात नापास झालो की विषय संपला. अब्रू जागच्या जागी. "जायला तयार होता बिचारा, पण शरीराने दगा दिला," असं लोक म्हणतील.

आता फक्त शरीराने दगा द्यायला पाहिजे. त्याला दोन महिने आहेत. कोणाला संशय न येता तब्येतीची वाट लावायची, तर ती 'तयारी' म्हणूनच लावली पाहिजे. उद्यापासून भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, लोकरीचा कोट घालून कारखान्याजवळच्या रांझी वस्तीमागची टेकडी चढणार. या उन्हात गाढवंसुद्धा सावली धरतात.

४ एप्रिल

फारच उत्तम झालं. अर्ध्या टेकडीवर डोळ्यांपुढे काजवे. नाडी कानात वाजत होती, तोंड सुकून जीभ टाळूला चिकटली, एका खडकाआड ओकलो. खाली येईपर्यंत पाय कोणा दुसऱ्याचे वाटत होते. शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे. या वेगाने महिन्याभरात पार खंगून जाईन.

सुहासिनीने आंब्याचं पन्हं पुढे ठेवलं, चांगलं दोन तांबे, मीठ घातलेलं. आणि खिशात कांदा टाकला, लू, म्हणजे उन्हाळी गरम वारं, लागू नये म्हणून. तिच्या समाधानासाठी पितो. पन्ह्याने काय होणार आहे?

१२ एप्रिल

रोज चढतो. सारा कारखाना खिडकीतून बघतो. आज उतरलो तर कॅन्टीनवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. लोकांना वाटतं, देशासाठी तापून राहिलो.

एक बारीकसा घोळ आहे. आज ओकलो नाही. टेकडीच्या माथ्यावर पोहोचलो आणि तिथे उभं राहून आपलं क्वार्टर कुठलं ते शोधत बसलो. बहुधा मेंदूवर ऊन चढायला लागलं असावं.

१९ एप्रिल

आता खरी लक्षणं दिसू लागली. लिहून ठेवतो.

घाम. आधी टेकडीच्या मध्यावर सुटायचा, आता पायथ्याशीच नळ सोडल्यासारखा वाहतो. शरीराचं पाणी गळतं आहे. दुसरं म्हणजे मीठ. सुहासिनी कपडे धुताना म्हणाली, "अहो, घाम तर बादलीभर, पण शर्टावर मिठाचा एक डाग नाही आता!" शरीरातलं मीठच संपलं! मीठ संपलं म्हणजे माणूस संपला. आणि भूक. भाकरीवर भाकरी खातो तरी पँट कंबरेवर राहत नाही. भस्म्या झाला की काय कोण जाणे. झोप तर अशी लागते की ती झोप नव्हेच, बेशुद्धीच.

सुहासिनीने स्वेटर उसवायला घेतला. म्हटलं, काहून गं? म्हणाली, "जवानाचं पोट कमी झालं." सरकारने जवानांचं माप बदललं असेल.

१ मे

आज घाबरलो. आनंदही झाला, पण आधी घाबरलो.

बेबी शाळेत प्रथमोपचार शिकून आली आहे, घरात जो दिसेल त्याची नाडी धरते. माझी धरली आणि थांबली. पुन्हा धरली. "बाबा, ये तो कितनी स्लो है! पिछले महीने तर भागत होती!" असं अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलली. हृदय थकलं. टेकडी चढून उतरल्यावरही आता ते फार धडधडत नाही, बाहेर लू सुटली आहे तरी नाही. धडधडण्याची ताकदच उरली नसणार. डॉक्टर कान लावतील आणि दचकतील.

बेबी म्हणाली, "पर बाबा, आप हीरो लगने लगे." लेकरू आहे. बापाची अखेरची कळा तिला काय कळणार?

११ मे

उन्हाने काम चोख केलं, पण तपासणीत धोका नको, म्हणून आता थंडीही लावून घेतो. स्टेशनजवळ बर्फाचा कारखाना आहे. तिथल्या चौकीदाराला, नथ्थूला, म्हटलं, लडाखची तयारी करायची आहे, गोदामात बसू दे. त्याने मला सलाम ठोकला.

बाहेर भट्टी, आत भुशात झाकलेल्या बर्फाच्या लाद्या. पाच मिनिटांत दात वाजू लागले, बोटं पांढरी पडली, बोटांना बोटं लागलेली कळेनात. आणि एक गंमत लिहायला लाज वाटते, पण वही माझीच आहे. पाण्याचा घोट घेतला नव्हता, तरी सारखं लघवीला जावं लागलं. तिसऱ्यांदा बाहेर आलो तेव्हा नथ्थू काळजीने म्हणाला, "साहब, लडाख में भी इतनी बार जाएँगे तो लड़ाई कब होगी?"

१४ मे

आज नवी युक्ती केली. कोट घालून गोदामातच झपाझप फेऱ्या मारल्या. थंडीतही आतून घामाने भिजलो. मग एकदम लादीवर बसलो. अरे देवा! ओला सदरा आणि वर बर्फ. थंडी थेट हाडांत घुसली, हनुवटी थांबेचना. आजवर आजारी पडायला इतकं नामी काही सापडलं नव्हतं. उद्या नक्की निमोनिया.

१५ मे

एक शिंक. एकच. तीही मिरचीच्या फोडणीने आली असावी.

२६ मे

गोदामात आता तासभर बसलो तरी कुडकुडत नाही. बोटं थोडा वेळ गार पडतात आणि आपोआप गरम होतात. शरीराने हार मानली, आता ते भांडतच नाही. नथ्थूने गावभर सांगितलं आहे. आज दोन पोलीस मला बघायला आले.

नीलकंठ मात्र खरोखर जायची तयारी करून राहिला आहे. पहाटे दंड-बैठका, मग कामावर नसेल तेव्हा वाळ्याचे पडदे लावून गार खोलीत, वर तूप-दूध. म्हणतो, "चिंत्या, ताकद जपायची असते. तू तर उन्हात उधळून राहिला." मनात म्हटलं, उधळायचीच आहे बाबा, तू जप.

३ जून

हे कसं लिहू?

दवाखान्याच्या खोलीत पंखा बंद, बाहेर लू. आमचे डॉक्टर शरच्चंद्र बाबू, बंगाली, मोजकं बोलणारे. आधी नीलकंठला स्टुलावर चढ-उतार करायला लावली. तो टोमॅटोसारखा लाल झाला, धापा टाकू लागला, खुर्ची धरून उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, "पास तो है, लेकिन घी कम करो."

मग मी. चढलो, उतरलो, चढलो, उतरलो. चक्कर यायची वाट बघत होतो. येईना. मुद्दाम डोळे फिरवले, तर डॉक्टर म्हणाले, "इधर-उधर मत देखिए." नाडी धरली. घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी पडेल चेहरा केला.

"चिंतामणी बाबू, उमर क्या लिखाई है?"

"चव्वालीस."

"झूठ तो नहीं लिखाया?" मग नर्सला हाक मारली. "देखो, दोपहर की कसरत से क्या होता है। दिल धीरे चलता है, काम ज़्यादा करता है। पसीना जल्दी आता है, नमक बचा लेता है। फर्स्ट क्लास!"

नमक बचा लेता है. म्हणजे माझं मीठ संपलं नव्हतं. ते बेइमान शरीर आतल्या आत साठवून बसलं होतं! दोन महिने मी त्याला मारतोय आणि ते माझ्या पाठीमागे व्यायाम करून राहिलं.

नीलकंठने सगळ्यांसमोर मला खांद्यावर उचललं. वरून खाली बघितलं तर साहेब टाळ्या वाजवत होते.

४ जून

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. सुहासिनी शेजारी येऊन बसली. स्वेटरचा गळा पूर्ण करत होती.

म्हणाली, "एक सांगू? जायचं नसेल तर नाही म्हणा. लोक चार दिवस हसतील. मी नाही हसणार."

हे दार पहिल्या दिवसापासून उघडंच होतं? मग मी टेकडीवर कशाला मरत होतो? "तुला काय माहीत, मला जायचं नाही म्हणून?"

"अहो, संसार करून राहिले मी तुमच्यासोबत. तुम्ही दूध आणायला जायचं असलं तरी आधी चप्पल हरवता."

आता म्हणायचं होतं, 'नाही जात'. दोन शब्द. तोंड उघडलं आणि म्हणालो, "तिथल्या गाड्या धूर ओकतात गं. हवा कमी असेल तर तेलही कमी सोडलं पाहिजे. ते इथे बसून नाही जमायचं." हे मी काहून म्हणालो, मला अजून कळलेलं नाही. बहुधा उन्हाचाच परिणाम.

तिने स्वेटर माझ्या छातीला लावून बघितला. "बरोबर बसला," म्हणाली आणि उठून आत गेली. जवानांचा स्वेटर माझ्या अंगाला कसा काय बसला कोण जाणे, म्हणत होतो, आणि मग कळलं. नोटीस लागल्यापासून ती माझाच विणत होती. डोळे भरून आले. लिहायला लाज कसली?

२१ जून, लेह

चंदीगडहून लष्कराच्या मालवाहू विमानाने आलो. बटाट्याच्या पोत्यांवर बसून. उतरलो तर आकाश इतकं निळं की खोटं वाटावं. ऊन चटका देतं आणि सावलीत गेलं की दात वाजतात, एकाच अंगाला उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही.

कॅप्टन डॉक्टरांनी रांगेत उभं केलं आणि हुकूम सोडला, "तीन दिन लेटना है। न चलना, न उठाना, न दौड़ना। जो पहलवानी दिखाएगा, वो पहले गिरेगा।" मला कानांवर विश्वास बसेना. सरकारी हुकुमाने झोपायचं! ज्या कामासाठी घरात जन्मभर बोलणी खाल्ली, त्याचा इथे पगार मिळतो. नीलकंठला मात्र अपमान वाटला.

२२ जून

पहाटे हा गडी तंबूबाहेर दंड मारत होता. "जबलपूरच्या आखाड्याचं पाणी आहे," म्हणाला. ते बघून मलाही चेव आला. डॉक्टरांनी फर्स्ट क्लास म्हटलेला माणूस मी, रांझीची टेकडी लोकरीच्या कोटात चढणारा. समोरच्या चढावर पळत निघालो.

थोडं वर गेलो असेन. छातीत हवाच नाही. तोंड उघडतोय, ओढतोय, आत काही येत नाही. गुडघ्यावर बसलो. डोकं कोणी मोळीच्या दोरीने आवळावं तसं. नीलकंठला ओरडून बोलवायला गेलो तर आवाज निघेना, आणि तोही तिकडे बादलीत ओकत होता.

कॅप्टनसाहेबांनी दोघांनाही झापलं. गरमीत तयार झालेलं शरीर गरमीत कामाचं, इथे सगळ्यांनी पहिलीपासून शिकायचं, असं म्हणाले. दोघं आडवे. न शिजलेली डाळ बाजूला पडून आहे. इथे पाणी लवकर उकळतं पण डाळ शिजवत नाही.

२४ जून

माझी डोकेदुखी उतरली. आज भूक लागली. नीलकंठचं मात्र बरं नाही. खोकतो. आडवं झालं की श्वास कोंडतो म्हणून बसून झोपतो, आणि झोपेत त्याचा श्वास मध्येच थांबतो. मी पांघरूण घेऊन शेजारी बसलो होतो. श्वास थांबला की माझाही थांबायचा, सुरू झाला की मी देवाचं नाव घ्यायचो. ओठ निळसर झालेत. या माणसाला मी कधी सर्दी झालेलीसुद्धा पाहिली नव्हती.

कॅप्टनसाहेबांनी छाती ऐकली आणि लगेच म्हणाले, "इसको नीचे भेजो। नीचे जाते ही ठीक होगा। रुकेगा तो नहीं बचेगा।" मग माझ्याकडे वळले. "साथ जाना चाहो तो तुम भी जाओ। बीमार के साथ गए, कोई कुछ नहीं कहेगा।"

बघा. एप्रिलपासून ज्याच्यासाठी उन्हात भाजलो आणि बर्फात गोठलो, ते इथे ताटात वाढून आलं. अब्रूसकट परत जायचा रस्ता. मी विचार करायला म्हणून बाहेर आलो. समोर एक गाडी चढावर उभी होती, काळा धूर टाकत गुरगुरत होती, आणि ड्रायव्हर उतरून तिला शिव्या देत होता. मी दोन पावलं चालायचो, थांबायचो, पुन्हा दोन पावलं. बॉनेट उघडायला सांगितलं. हवा कमी आणि तेल भरपूर, दुसरं काही नाही. इंजिनात जाणारं तेल कमी करून दिलं. धूर विरळ झाला, इंजिनाचा आवाज मोकळा झाला. ड्रायव्हर म्हणाला, "पीछे ग्यारह और खड़ी हैं, साहब।"

आत जाऊन सांगितलं, मी राहतो.

२५ जून

सकाळी नीलकंठला जीपमध्ये घातलं, विमानतळावर न्यायला. रडून राहिला होता. एवढा मोठा गडी, सगळ्यांसमोर. माझा हात सोडेना. एकेक शब्द श्वास घेऊन बोलत होता, "चिंत्या, रांझीत काय सांगू? आखाड्यात काय सांगू? चार दिवसांत आडवा होऊन आलो म्हणू?"

हे दुखणं मला चांगलं ओळखीचं. पाडव्यापासून तेच घेऊन हिंडत होतो मी. डॉक्टरांना ते कुठे ऐकू येतं?

म्हटलं, "ऐक. रांझीत सांग की हुकूम मोडून चिंतामणी टेकडीवर पळाला आणि अर्ध्यात कोसळला. तू त्याला पाठीवर घालून खाली आणलंस. त्यात छातीवर ताण आला. बस."

"लोक तुला हसतील रे."

"हसू दे. मी इथे, लोक तिथे. इथपर्यंत ऐकू येत नाही."

"भय्यासाहेबांनाही हेच सांगू?"

"त्यांना आधी सांग. आणि मी रडत होतो असंही सांग, म्हणजे खरं वाटेल."

तो हसायला लागला, त्याला खोकला आला, आणि कॅप्टनसाहेब मला ओरडले की पेशंटला हसवू नका. जीप गेली. धूळ बसेपर्यंत उभा होतो. दहा दिवसांत अख्ख्या जबलपुरात बातमी होईल की चिंतामणी लेहच्या पहिल्याच टेकडीवर आडवा पडला आणि रडला. मंडळात लोक पोट धरून हसतील. सुहासिनी नाही हसायची.

आज अकरापैकी तीन गाड्या केल्या. हळूहळू केल्या. छाती दुखली नाही, आणि का कोण जाणे, भीतीही वाटली नाही.